वर्षाला दीडशे तास: नोकरी सांभाळून शिकताना ध्येय कसं ठरवायचं

एका नोकरदार बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, भोसरी एमआयडीसीतल्या मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात १६ वर्षं. दोन वर्षांपासून माल जर्मनीतल्या ग्राहकाला जातो. मीटिंगा, ऑडिट, तक्रारींचे अहवाल सगळं इंग्रजीत. मुलगा आठवीत. खिशातून वर्षाला ४०,००० रुपये घालता येतील. दूरशिक्षणातून एमबीए करू, जर्मन शिकू, पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकू की सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट (दोष कमी करण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र) घेऊ? शिवाय पुढेमागे परदेशी जायची वाटही मोकळी राहायला हवी. तर ध्येय काय ठेवू?

या चारांपैकी एकही ध्येय नाही. चारही विषय आहेत. 'जर्मन शिकायचं' म्हटलं की ते कधी पूर्ण झालं हे कळायला काही मार्ग नसतो, त्यामुळे ते कायम अर्धवट वाटत राहतं आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. विषयाचं ध्येय व्हायला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक, हातात तास किती आहेत. दोन, शिकून झाल्यावर कोणासमोर काय करून दाखवायचं आहे. बहुतेक जण या दोन्ही सोडून फी भरण्यापासून सुरुवात करतात. तुम्ही तासांपासून सुरुवात करा.

दोन आठवडे, म्हणजे १४ दिवस, रोज रात्री फोनमध्ये दोनच आकडे लिहा. आज डोकं चालत होतं असा मोकळा वेळ किती मिनिटं मिळाला, आणि फक्त कान मोकळे होते असा वेळ किती. कंपनीच्या बसमधला प्रवास, पोळ्या लाटतानाची अर्धी घटका, मुलाच्या क्लासबाहेर थांबणं हा सगळा कानांचा वेळ. त्यात ऐकता येतं, शब्दांची उजळणी होते. पण तक्रारीचं मूळ कारण शोधायला किंवा इंग्रजीत परिच्छेद लिहायला तो उपयोगाचा नाही. हिशेबात फक्त डोक्याचा वेळ धरा. कानांचा वेळ वरकड समजा. या दोन वेळा एकत्र मोजल्या की कागदावर आठवड्याला बारा तास दिसतात आणि प्रत्यक्षात पाचच निघतात.

पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. तुमचंही तसंच असेल तर शनिवार-रविवारचे वर्ग तुमच्यासाठी नाहीत, हे फी भरण्याआधीच लक्षात घ्या. 'रेकॉर्डिंग मिळतं' या आश्वासनावर घेतलेला वर्ग पाच-सहा आठवड्यांत सुटतो. मात्र गुरुवार हा शाळेचा दिवस आहे आणि घर सकाळी रिकामं असतं, हा तुमचा मोठा फायदा. समजा गुरुवारी सकाळी सव्वादोन तास आणि बाकीच्या सहांपैकी चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटं मिळाली, तर आठवड्याला जेमतेम पाच तास होतात.

आता आठवडे मोजा. वर्षाचे ५२. त्यातून गणपतीचे २, दिवाळीचे २, मार्चअखेरचे २, ऑडिटचे २, मुलाच्या परीक्षांचे २, लग्नसराई आणि गावी जाण्याचे २, आणि आजारपण, पाहुणे, ऐनवेळची सेकंड शिफ्ट यांचे ३ काढा. १५ गेले, ३७ उरले. ३७ गुणिले ५ म्हणजे १८५ तास. यातून आणखी पाचवा भाग कापा. आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो आणि आधीच्या अनुभवाने शहाणा होत नाही. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीला नावही दिलं. उरले १४८. म्हणजे वर्षाला दीडशे तास.

हा आकडा पाहून मन खट्टू होतं. होऊ द्या. पण तो भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

एमबीए घेऊ. शिक्षणाचे तास क्रेडिटमध्ये मोजणाऱ्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट आणि त्यांसाठी १,२०० तास धरले आहेत. आठवड्याला २३ तास. तुमच्याकडे पाच. दूरशिक्षणातले कित्येक जण याहून खूप कमी तासांत पदवी घेतात हे खरं, पण ती कशी घेतात तेही आपल्याला ठाऊक आहे: परीक्षेच्या आधीच्या दहा दिवसांत, नोट्स पाठ करून. तुमच्या कंपनीत मॅनेजरपदासाठी पदवीची अट लेखी असेल तर एमबीए करा, दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का ते यूजीसीच्याच यादीत पाहा, आणि त्या काळात दुसरं काहीही अंगावर घेऊ नका. अशी अट नसेल तर हा पर्याय आत्ता बाजूला ठेवा.

जर्मन. जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे ए-१ या सर्वांत खालच्या पातळीला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, बी-१ पर्यंत एकूण ३५० ते ६५०, आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८००. घड्याळी तासांत मांडलं तर ए-१ ला ६० ते १५०, बी-१ ला साधारण २६० ते ४९०, बी-२ ला ४५० ते ६००. म्हणजे दुसरं काही न करता बी-१ ला पावणेदोन ते सव्वातीन वर्षं. 'सहा महिन्यांत बी-१' ही जाहिरात रोज कित्येक तास देणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असते.

पायथॉन तासांत बसतं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम २ क्रेडिटचा, म्हणजे साधारण ६० तासांचा. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर १,००० रुपये आणि केंद्रावर जाऊन. स्वाध्यायांचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० नसतील तर प्रमाणपत्र नाही. अडचण वेगळीच आहे. बऱ्याच कारखान्यांत कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही बसवायची परवानगी नसते. शिकलेलं रोजच्या कामात वापरता आलं नाही तर तीन महिन्यांत पुसलं जातं. आधी आयटी विभागाला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर एक्सेलमधली पॉवर क्वेरी, म्हणजे डेटा आपोआप गोळा करून नीट लावणारी सोय, शिका. महिन्याचा रिजेक्शनचा अहवाल चार तासांवरून अर्ध्या तासावर आणायला ती पुरते.

ग्रीन बेल्टबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. हा पट्टा देणारी जगभरासाठी एकच अशी संस्था नाही. दोन दिवसांच्या वर्गानंतरही तो मिळतो आणि खऱ्या प्रकल्पानंतरही. अमेरिकेतल्या एएसक्यू या क्वालिटीच्या संस्थेच्या परीक्षेला बसायला संबंधित कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो, आणि परीक्षेत पुस्तकं जवळ ठेवता येतात. तुमचा अनुभव भरपूर आहे. तरी हातात प्रकल्प नसताना पट्टा घेऊ नका. मुलाखतीत पहिला प्रश्न 'कुठलं काम केलंत, किती वाचवलंत' हाच येतो.

मग यातून निवडायचं कसं? बाजारात काय चालतं यावरून नको. जग तुमच्या टेबलावर रोज कुठून येतं ते पाहा. गेल्या तीन महिन्यांचे मेल, मीटिंगच्या नोंदी आणि फायली उघडा, आणि कारखान्याचं गेट ओलांडून परदेशी गेलेलं किंवा तिथून आलेलं प्रत्येक काम एका ओळीत लिहा. साधारण तीस-चाळीस ओळी होतील. प्रत्येकीपुढे लिहा, मी कुठे अडले. अडणं चार प्रकारचं असतं: तांत्रिक माहिती कमी पडली, भाषा कमी पडली, साधन येत नव्हतं, किंवा सगळं येत होतं पण बोलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. चौथा प्रकार नीट ओळखा. त्यावर अभ्यासक्रम हे औषधच नाही. तिथे वरिष्ठांशी बोलायला लागतं. माणसं वर्षानुवर्षं त्या अडचणीवर कोर्सची मलमपट्टी करत राहतात.

क्वालिटीतल्या माणसाच्या यादीत तांत्रिक अडचणी बहुधा अशा निघतात. एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं याचा तक्ता, अजून जुन्या आरपीएनच्या (जोखमीच्या आकड्याच्या) गुणाकाराने भरला जातो, आणि ग्राहकाला अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए पद्धतीचा हवा असतो, ज्यात सात पायऱ्या आहेत आणि आरपीएनच्या जागी कृतीचा अग्रक्रम आहे. किंवा ड्रॉइंगचा अर्थ. आयएसओ ८०१५ या मानकाप्रमाणे मापाची आणि आकाराची मर्यादा एकमेकींपासून स्वतंत्र धरतात. अमेरिकी एएसएमई वाय १४.५ प्रमाणे मापाची मर्यादाच आकारालाही बांधून ठेवते. एकाच शाफ्टचं एकच ड्रॉइंग, पण कोपऱ्यात कुठलं मानक लिहिलंय त्यावर तो पास की फेल ते ठरतं. असली गोष्ट शिकायला दहा तास पुरतात, आणि आख्ख्या एमबीएपेक्षा तुमच्या टेबलावर ती जास्त उपयोगी पडते.

तरीही तुमच्यासारख्यांच्या यादीत सर्वांत जास्त वेळा एकच ओळ येते: तक्रारीचा एट-डी अहवाल, म्हणजे तक्रार डी-१ ते डी-८ अशा आठ पायऱ्यांत कशी सोडवली ते सांगणारा. त्यात तांत्रिक बाजू आहे, इंग्रजी आहे, परदेशी माणसासमोर उभं राहणं आहे. म्हणून पुढचं उदाहरण त्याचंच घेते. तुमच्या यादीत दुसरं काही वर आलं तर रीत हीच ठेवा, काम बदला.

आधी आज कुठे आहात ते मोजा. गेल्या बारा महिन्यांतले सगळे एट-डी काढा. किती परत आले, आणि कुठल्या पायरीवर? जवळजवळ नेहमी डी-४, म्हणजे मूळ कारणावर. (डी-२ म्हणजे समस्येचं वर्णन, डी-५ म्हणजे उपाय.) 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं डी-४ मध्ये आणि 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं डी-५ मध्ये लिहिलेला अहवाल परत येणारच. ग्राहकाला दोन वेगळी कारणं हवी असतात: दोष घडला का, आणि आपल्याकडून निसटला का. समजा बोअरचा, म्हणजे भोकाचा, व्यास मोठा झाला. घडण्याच्या बाजूचे 'का' विचारत गेलात की कळतं, टूल किती नगांनंतर बदलायचं ते मशीनमध्ये भरलेलंच नव्हतं, ऑपरेटरच्या डोक्यात होतं. निसटण्याच्या बाजूने गेलात की कळतं, घाईत भोक तपासायच्या प्लग गेजची फक्त 'गो' बाजू घातली जात होती. भोक मोठं झालं तर 'गो' बाजू उलट जास्तच सहज जाते; ते पकडते 'नो-गो' बाजू. या दोन कारणांवरचे उपाय वेगळे आहेत आणि दोन्ही ट्रेनिंगपलीकडचे आहेत. हे तुम्हाला सोळा वर्षांच्या अनुभवाने माहीत असतं. अडतं ते हे इंग्रजीत, या क्रमाने, वीस मिनिटांत मांडताना.

आता ध्येयाचं वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: काम, कोणासमोर, कुठल्या अटीवर, आणि पुरावा. उदाहरणार्थ: '३१ ऑगस्टपर्यंत मी एका खऱ्या तक्रारीचा एट-डी अहवाल स्वतः इंग्रजीत लिहीन, आणि डी-२ ते डी-५ जर्मन ग्राहकाच्या क्वालिटी इंजिनिअरसमोर २० मिनिटांत, मॅनेजरने मध्ये न बोलता मांडीन. पुरावा: डी-४ पहिल्या फेरीत मान्य झाल्याचा मेल.'

या वाक्यात एक भोक आहे, तेही बुजवून घ्या. तक्रार येणं तुमच्या हातात नाही, आणि ती येऊ नये अशीच इच्छा हवी. मान्यताही समोरच्याच्या हातात. म्हणून खाली दुसरं वाक्य जोडा: 'तक्रार आलीच नाही, तर मागे परत आलेला एक अहवाल नव्याने करून मॅनेजरला ग्राहकाच्या जागी बसवीन आणि त्यांच्या दहा प्रश्नांना उत्तरं देईन.' आपल्या हातातलं काम आणि दुसऱ्याच्या हातातला निकाल असे वेगळे केले की मेहनत करूनही ध्येय 'हुकलं' असं होत नाही.

वर्षाचं ध्येय एकच ठेवा, पण काम बारा आठवड्यांच्या टप्प्यात करा. जूनच्या पहिल्या गुरुवारी सुरुवात केली तर ऑगस्टअखेर टप्पा संपतो. बारा आठवडे गुणिले पाच म्हणजे ६० तास. पाचवा भाग कापून ४८. त्यांची वाटणी साधारण अशी. पहिले दोन आठवडे, ८ तास: परत आलेले पाच जुने अहवाल आणि त्यांवरचे ग्राहकाचे शेरे वाचायचे, त्या शेऱ्यांतून साठेक वाक्प्रयोग काढायचे. तिसरा ते पाचवा, १२ तास: त्यातले तीन अहवाल मूळ उत्तर न बघता डी-२ पासून डी-५ पर्यंत पुन्हा करायचे. सहावा ते आठवा, १२ तास: बोलणं. नववा-दहावा, ८ तास: मॅनेजरसमोर दोन रंगीत तालमी. अकरावा आठवडा मुद्दाम मोकळा, म्हणजे मागचं राहिलेलं त्यात बसतं. बारावा: प्रत्यक्ष करून दाखवणं आणि पुढचा निर्णय. यात व्हिडिओ पाहायला वेगळे तास जवळजवळ नाहीत, हे जाणूनबुजून. नवं काही अडलं की त्याच मुद्द्यापुरतं शोधायचं आणि परत अहवालावर यायचं.

बोलण्याचा सराव असा करा. एका तक्रारीचं डी-४ फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड करा. ऐका. कुठे अडखळलात तिथे खुणा करा. व्याकरणाच्या सगळ्या चुका मागे लावून घेऊ नका; तीनच निवडा, शक्यतो अर्थ बदलणाऱ्या. लगेच पुन्हा रेकॉर्ड करा. तीन दिवसांनी न वाचता तिसऱ्यांदा. पहिलं रेकॉर्डिंग पुसू नका, दहाव्या आठवड्यात तेच कामाला येतं. समोरच्या जर्मन माणसाचीही इंग्रजी ही शिकलेली भाषा आहे, म्हणून लहान वाक्यं आणि नेहमीचे शब्द वापरलेले त्याला बरे पडतात. 'लाख' हा शब्द टाळा, त्याला तो कळणार नाही. 'हंड्रेड थाउजंड' म्हणा. आकडे सांगताना जपा: जर्मन लिहिण्यात दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, १२,५ म्हणजे साडेबारा. त्यांच्याकडून आलेली डेटाची फाइल एक्सेलमध्ये उघडताना याच कारणाने १२,५ चे १२५ होऊन बसतात. मीटिंगच्या शेवटी कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत हे तीन वाक्यांत परत म्हणून दाखवा. आपल्याकडे 'येस, येस' म्हणजे 'ऐकतेय'. तिकडे त्याचा अर्थ 'मान्य' असा घेतला जातो, आणि मग न दिलेल्या शब्दाला आपण बांधले जातो.

वेळेचं गणितही शिकण्याच्या आराखड्यात घाला. जर्मनीशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा, आणि तो मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो. त्यांची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे कधी दीड वाजता, कधी अडीच वाजता येते. तालीम त्याच वेळेला करा, जेवणानंतरची सुस्ती धरून.

बसमधल्या कानांच्या वेळेत ते साठ वाक्प्रयोग अँकीसारख्या उजळणीच्या ॲपमध्ये घाला. रोजच्या नव्या कार्डांची संख्या ८ ते १० च्या वर नेऊ नका. रोज १० नवी घालत गेलात की काही आठवड्यांत रोजची उजळणी ७० ते १०० वर जाते, आणि दोन दिवस चुकले की डोंगर पाहून माणूस ॲपच काढून टाकतो. हा सगळा खटाटोप कशाला, नुसतं परत वाचून का भागत नाही, असं वाटेल. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवायचा प्रयत्न केलेले पुढे गेले. वाचताना 'येतंय' असं वाटणं हीच मोठी फसगत. दिवसभराच्या कामानंतर रात्री व्हिडिओ पाहणाऱ्याला ती सर्वांत जास्त होते.

'रोज अभ्यास करीन' हा संकल्प टिकत नाही. त्याला वेळ आणि जागा बांधा: 'गुरुवारी मुलगा रिक्षात बसला की मी चहा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडीन.' पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अशा 'जर-तर' ठरावांचा अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त वेळा पाळले जातात. वाईट आठवड्यासाठी किमानही ठरवून ठेवा: एक रेकॉर्डिंग, वीस मिनिटं, बस. एखादा आठवडा पूर्ण बुडाला तर पुढच्या आठवड्यात दहा तास करायला जाऊ नका. तसं करणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात. लागोपाठ दोन बुडाले तर ध्येयच कापा, तीन अहवालांचे दोन करा. तारीख तीच ठेवा. तारीख पुढे ढकलण्यापेक्षा काम लहान करणं केव्हाही बरं, कारण पूर्ण झालेलं लहान काम पुढच्या टप्प्याला बळ देतं.

घरच्यांना तास आधी सांगा, विषय नंतर. 'मी कोर्स करतेय' याने घरात काही बदलत नाही. 'गुरुवारी नऊ ते सव्वाअकरा मला हाक मारायची नाही, गॅस सिलिंडर आला तरी' याने बदलतं. नोकरी करणाऱ्या बाईच्या सुट्टीच्या दिवशी घरातली साठलेली कामं तिचीच धरली जातात, आणि पाच तासांतला सगळ्यात मोठा तुकडा तिथेच जातो. ही बोलणी पहिल्या आठवड्याआधीच व्हायला हवीत.

पैशांबाबत: वरच्या टप्प्याला जवळपास काहीच खर्च नाही. ४०,००० हातचे ठेवा. आणि कंपनीच्या पैशातून शिकण्याचा हक्काचा मार्ग आहे तो वापरा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाच्या ७.२ या कलमाखाली कामासाठी लागणारी पात्रता ठरवणं, प्रशिक्षणाची गरज शोधणं आणि त्याच्या नोंदी ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे, ७.२.३ खास अंतर्गत ऑडिटरच्या पात्रतेबद्दल आहे. एचआरकडे 'मला पुढे जायचंय' असं सांगू नका. 'गेल्या वर्षी इतके एट-डी डी-४ वर परत आले, ७.२ खाली माझी ही गरज नोंदवा, आणि अंतर्गत ऑडिटरच्या प्रशिक्षणाला माझं नाव द्या' असं लेखी द्या. ऑडिटच्या आधीचे दोन महिने यासाठी उत्तम. महागडं प्रशिक्षण देताना कंपनी बाँड लिहून घेत असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती रक्कम, हे सही करण्यापूर्वी वाचा.

सरावासाठी चॅटबॉट वापरायचा मोह होईल, आणि ग्राहकाच्या भूमिकेत प्रश्न विचारून घ्यायला तो खरंच चांगला आहे. पण ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव, खरी मापं त्यात टाकू नका. जर्मन वाहन उद्योगात माहितीच्या सुरक्षेसाठी टिसॅक्स तपासणी असते, आणि ग्राहकाशी गोपनीयतेचा करार बहुधा झालेला असतो. नाव-गाव-मापं बदललेली तक्रार तयार करा. सरावाला ती तितकीच चालते.

परदेशी जाण्याचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण त्याचा हिशेब वेगळा आहे. जर्मनीचं चान्सेनकार्टे, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचं कार्ड, जून २०२४ पासून सुरू आहे. किमान अट: आपल्या देशात मान्यता असलेलं निदान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२. त्यापुढे ६ गुण जमवायचे. गेल्या ७ वर्षांत आपल्या क्षेत्रातला ५ वर्षांचा अनुभव असेल तर ३ गुण. जर्मन ए-२ ला १, बी-१ ला २, बी-२ ला ३. इंग्रजी सी-१ ला १. वय ३५ पर्यंत २ गुण, ३५ ते ४० ला १, त्यापुढे शून्य. जोडीदार, तिथे माणसांची टंचाई असलेला व्यवसाय वगैरेंचेही गुण आहेत, ते तुम्हाला लागू होतात का ते पाहा.

तुमचं गणित करा. आज अनुभवाचे ३, वयाचा १, म्हणजे जर्मन बी-१ आलं तर ६ पूर्ण. पण वर्षाला दीडशे तासांनी बी-१ येईपर्यंत तुम्ही चाळिशी ओलांडलेली असाल आणि वयाचा गुण गेलेला असेल. म्हणून तो गुण आजच वजा करा. मग दोन वाटा उरतात: जर्मन बी-२, किंवा जर्मन बी-१ आणि इंग्रजी सी-१. बी-२ म्हणजे तुमच्या वेगाने तीन ते चार वर्षं, दुसरं काहीही न शिकता. आणि ४५ नंतर पहिल्यांदा नोकरीच्या परवान्यावर जाणाऱ्याला ठरावीक किमान पगार किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. म्हणजे वेळ आहे, पण भाषा 'जमेल तशी' शिकून पुरेल इतका नाही. मुलगा तेव्हा बारावीच्या आसपास असेल, हेही त्याच कागदावर लिहा.

वाट मोकळी ठेवायची आणि निर्णय मात्र आत्ता घ्यायचा नाही, असं असेल तर एट-डीचा टप्पा झाल्यावर दिवाळीनंतरचे उरलेले तास ए-१ ला द्या. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात (ग्योथे इन्स्टिट्यूटच्याच शाखेत) वर्ग आणि परीक्षा दोन्ही आहेत. गुरुवारी सकाळी बसतील असे किंवा ऑनलाइन वर्ग कुठले ते आधी विचारा. पुढे बी-१ पर्यंत गेलात तर वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकी १०० पैकी ६० लागतात, आणि भाग वेगवेगळे देता येतात. नोकरी करणाऱ्याने दोन-दोन करून द्यावेत. दरम्यान डिप्लोमाचं प्रमाणपत्र, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि सोळा वर्षांची अनुभवपत्रं, कामाचं स्वरूप लिहिलेली, एका फायलीत गोळा करा. कंपनीकडून असं पत्र मिळवायला कधी कधी भाषेच्या एका पातळीपेक्षा जास्त वेळ लागतो. अर्ज करण्यापूर्वी गुणांचे नियम 'मेक इट इन जर्मनी' या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर त्या महिन्यात पुन्हा तपासा, ते बदलतात.